चेंडूवरची बारावी सही

स्टॅनमोर
१२ फेब्रुवारी २००६

श्रीमती अरुणाकाकूंना,

शाळेत पत्राचा मायना पाच मार्कांना असायचा आणि मी त्यातले दोन हमखास घालवायचो. म्हणून नमस्कार मनातल्या मनात करून सरळ मुद्द्यावर येतो. तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता आमच्या इथल्या पुरुषोत्तमकाकांनी दिला. या देशात कुठल्या गावात कुठलं मराठी घर कुठल्या साली आलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. तुम्ही ईमेल वापरत नाही आणि फोनवर अनोळखी माणसाला थारा देत नाही, तेव्हा पत्रच लिही, असं त्यांनी बजावलं.

मी सुश्रुत भागवत. मूळचा पुण्याचा, इथे एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. आधी दोन वर्षं अमेरिकेत होतो. तिथे मला बेसबॉलचं खूळ लागलं. खेळण्याचं नव्हे, जमवण्याचं. खेळाडूंच्या सह्या असलेले चेंडू, जुन्या संघांचे फोटो. सध्या घरात त्रेपन्न चेंडू आहेत. माझी बायको चैत्राली त्यांना माझे त्रेपन्न सासरे म्हणते, कारण त्यांना हात लावायच्या आधी मी हात धुतो.

गेल्या महिन्यात ब्रिस्टलच्या एका जुन्या वस्तूंच्या जत्रेत मला चोपन्नावा मिळाला. तुम्हाला माहीत असेल, नदीपलीकडे न्यूपोर्टला बेसबॉलचा एक वेगळाच भाऊबंद खेळतात. चेंडू खालून टाकतात, बॅट चपटी, आणि गडी अकरा. हा चेंडू तिथल्या मूर स्ट्रीट बेसबॉल क्लबचा आहे, १९६७च्या मोसमातला. त्यावर बारा सह्या आहेत. अकरा इंग्रजीत. बारावी पाहिली आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. ती देवनागरीत आहे: शशी टिपणीस.

पुरुषोत्तमकाका म्हणाले, की ब्रिस्टलच्या अरुणा गुप्ते माहेरच्या टिपणीस, पेणच्या, आणि त्यांचा एक भाऊ पूर्वी न्यूपोर्टला लोखंडाच्या कारखान्यात होता. ते हेच का? असतील तर त्यांच्याशी बोलायला मला फार आवडेल. आणि ही सही त्यांचीच आहे असं दोन ओळींचं पत्र तुम्ही दिलंत, तर आमच्या जमवणाऱ्यांच्या जगात त्याला फार मान असतो.

तुमचा,
सुश्रुत


ब्रिस्टल
२६ फेब्रुवारी २००६

चि. सुश्रुत, अनेक आशीर्वाद.

मायन्याचे दोन मार्क अजूनही गेलेलेच आहेत. शिवाय पोस्टकोड चुकवलास, त्यामुळे तुझं पत्र आठ दिवस मागच्या गल्लीत पडून होतं. मी तीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. निष्काळजीपणा मला खपत नाही.

तो निष्काळजीपणा चेंडूच्या बाबतीतही दिसतो आहे. शशी माझा धाकटा भाऊ. तो त्या क्लबकडून खेळायचा हे खरं. पण तो ऑगस्ट १९६६मध्ये गेला. न्यूपोर्टच्या धक्क्यावरून नदीत पडला. बावीस वर्षांचा होता. चौकशी झाली, अपघात ठरला, तिथेच त्याचं सगळं केलं. तेव्हा तू ज्याला सात म्हणतोस तो सहा आहे. चष्मा लावून पाहा.

सही ओळखून दोन ओळी लिहायचं म्हणालास. मी शशीचं अक्षर चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. त्याची पत्रं यजमानांनी, म्हणजे सतीशनी, मी पाहायच्या आत आवरून ठेवली आणि मीही कधी मागितली नाहीत. सतीशना जाऊन आता सहा वर्षं झाली. आवरलेलं आवरलेलंच राहू दे.

तुझा छंद निरुपद्रवी आहे, चैत्रालीला माझा आशीर्वाद सांग. या विषयावर मला पुन्हा लिहू नये.

अरुणा गुप्ते


स्टॅनमोर
५ मार्च २००६

ती. अरुणाकाकू,

तुम्ही लिहू नको म्हणालात आणि मी लिहितो आहे. तुमचा भाऊ इतक्या लहान वयात गेला हे मला माहीत नव्हतं. माझ्या पत्राने जुनं दुखणं उकरलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण काकू, मी चष्मा लावूनच पाहिलं, भिंगातूनही पाहिलं. तो सातच आहे. आणि नुसता आकडा असता तर मी गप्प बसलो असतो. ज्याच्याकडून चेंडू घेतला त्याला मी फोन केला. तो माल न्यूपोर्टच्या एका घरातला होता, क्लबचा जुना कॅप्टन वारला आणि मुलांनी घर रिकामं केलं. त्याच खोक्यातला संघाचा फोटोही मी मागवला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, वर छापलंय: मूर स्ट्रीट, १९६७. खाली पुन्हा बारा सह्या, आणि त्यात तीच देवनागरी सही.

फोटोत माणसं मात्र अकरा आहेत. पुढे सहा बसलेले, मागे पाच उभे. त्या मागच्या रांगेत डावीकडून दुसरी जागा मोकळी आहे. म्हणजे सहज राहिलेली नव्हे. दोन्ही बाजूंचे गडी हात बाजूला घेऊन उभे आहेत, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडून. मला वाटतं, शशीकाका त्या दिवशी आले नसतील आणि सही नंतर केली असेल. फोटोची झेरॉक्स सोबत पाठवतो.

मी हिशेबी माणूस आहे, काकू. प्रोग्रॅममध्ये दोन तारखा जुळल्या नाहीत की त्यातली एक चुकलेली असते. माणूस सही करतो म्हणजे तो असतो. तुमच्याकडून साल तर चुकत नाही ना?

सुश्रुत


ब्रिस्टल
२९ मार्च २००६

चि. सुश्रुत,

उत्तराला उशीर झाला. बरं नव्हतं.

साल चुकत नाही. रविवार ७ ऑगस्टला तो माझ्याकडे येऊन गेला आणि गुरुवारी ११ तारखेला पोलीस दारात आले. तेव्हा ब्रिस्टलहून न्यूपोर्टला जाताना मध्ये लागणाऱ्या मोठ्या नदीवर पूल झाला नव्हता, पुढच्याच महिन्यात झाला. आम्ही फेरीबोटीने पलीकडे गेलो. तिथे त्याची ओळख मीच पटवली. कागदावर सही माझी आहे.

तुझी झेरॉक्स मी टेबलावर ठेवली होती. दोन दिवसांनी कपाटात ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली. मागच्या रांगेतल्या त्या मोकळ्या जागेकडे मी फार वेळ पाहत बसते. मी विज्ञानाची बाई, मुलांना सांगायचे की जे दिसत नाही त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर पुरावा आणा. आणि आता मीच एका रिकाम्या जागेत माणूस शोधते आहे.

तुला हसू येईल, पण सांगते. गेल्या मंगळवारी बसस्टॉपवर मला शशी दिसला. तसाच केस मागे सारून उभा. मी रस्ता ओलांडून गेले, तर कॉलेजातला कोणी गुजराती मुलगा होता. त्याने मला हात धरून बसमध्ये चढवलं. घरी आले आणि लक्षात आलं, की शशी आता बासष्टचा असेल. तेव्हापासून मी साठीच्या माणसांकडे पाहते. दुकानात, दवाखान्यात, देवळातल्या कार्यक्रमात. टक्कल पडलेल्या, काठी घेतलेल्या माणसांच्या तोंडाकडे पाहते आणि ती माणसं गोंधळून मला नमस्कार करतात. रविवारी दुपारी एकच्या सुमाराला दाराशी कोणीतरी उभं आहे असं वाटतं. मी जाऊन उघडते. एकदा दारात जाहिरातीची पत्रकं पडलेली होती आणि बाकी वेळा काही नाही.

मी तुला लिहू नको म्हटलं होतं. ते मागे घेते. तू न्यूपोर्टला जा. त्या फोटोतलं कोणी जिवंत आहे का बघ, आणि असेल तर एकच विचार, की १९६७मध्ये शशी टिपणीस त्यांच्यात होता का. मला स्वतः जाणं जमणार नाही. तो पूल झाला तेव्हापासून मी एकदाही ओलांडलेला नाही.

गाडीभाडं मी देईन. नाही म्हणू नकोस.

अरुणाकाकू


स्टॅनमोर
२० एप्रिल २००६

ती. अरुणाकाकूंना सा. नमस्कार.

आपल्या सांगण्याप्रमाणे मागच्या शनिवारी न्यूपोर्टला जाऊन आलो. मूर स्ट्रीटचा क्लब सत्तर साली बंद पडला. मैदानावर आता घरं आहेत. फोटोतल्या नावांची चौकशी केली. बहुतेक सगळे वारले, दोघं ऑस्ट्रेलियाला गेले, त्यांचा पत्ता नाही. ग्लिन प्रिचर्ड म्हणून क्लबचं सामान सांभाळणारा एक गडी होता, त्याला सगळं माहीत असतं असं कळलं, पण तोही आता नाही. तेव्हा विचारायला कोणी उरलेलं नाही. पुढे काही कळण्यासारखं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मनात आली. चेंडू माझ्या कपाटात असण्यात काही अर्थ नाही. तो या पार्सलमधून तुम्हाला पाठवत आहे. कृपया ठेवून घ्यावा. त्या दोन ओळींच्या पत्राचीही आता गरज नाही.

प्रकृतीला जपावे. चैत्राली नमस्कार सांगते.

आपला,
सुश्रुत


ब्रिस्टल
२ मे २००६

चि. सुश्रुत,

मायन्यासकट सगळं पत्र या वेळी अगदी शुद्ध उतरलं आहे. एकही विनोद नाही, एकही फाटा नाही. माझ्या वर्गातली मुलं प्रयोग न करता दुसऱ्याच्या वहीतून निकाल उतरवून आणायची, ती असंच लिहायची. तू खोटं बोलतो आहेस.

चेंडू मिळाला. खिडकीपाशी धरला, भिंग घेतलं आणि अर्ध्या तासात मला कळायचं ते कळलं. तुला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, पण तुमची पिढी सगळं टाइप करते. आपण देवनागरी लिहितो तेव्हा काय करतो? आधी अक्षरं काढतो आणि शब्द संपला की वरून रेघ ओढतो. या सहीत रेघ आधी ओढलेली आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, घाबरत. मग तिच्याखाली एकेक अक्षर आणून लटकवलं आहे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. ट आणि प तर रेघेपर्यंत पोचलेलेही नाहीत, आणि जिथे पोचले आहेत तिथे अक्षराची शाई रेघेवर चढलेली आहे. ज्याला ही लिपी येत नाही, त्याने समोर नमुना ठेवून काढलेलं चित्र आहे हे. रेघ सगळ्यात मोठी दिसते म्हणून त्याने आधी ती काढली. मराठी शाळेत गेलेला माणूस ही चूक करणार नाही. शशी तर मुळीच नाही, त्याला रेघ शेवटी झोकात ओढायची खोड होती.

म्हणजे हे कोणीतरी दुसऱ्याने लिहिलं आहे, आणि ते कोणी हे तुला माहीत आहे. माझी कीव आली म्हणून तू दडवलंस. मला कीव नको आहे. मला का हवं आहे ते सांगते, म्हणजे तुला दडवायला जागा राहणार नाही.

त्या रविवारी शशी न सांगता आला होता. घरी सतीशचे साहेब आणि त्यांची बायको जेवायला यायची होती. आम्हाला इथे येऊन तीन वर्षं झालेली, बढतीचा प्रश्न होता, मी सकाळपासून तणतणत होते. शशी दारात उभा, अंगात क्लबची जर्सी, बुटांना चिखल. मी त्याला आत घेतलं नाही. पुढच्या रविवारी ये म्हटलं. तो म्हणाला, “ताई, नुसता चहा दे, लगेच निघतो.” मी नाही म्हटलं आणि दार लावलं. तो बसने आणि फेरीबोटीने दोन तास प्रवास करून येऊन तसाच परत गेला. मग गुरुवारी पोलीस आले.

आता जे सांगते ते सतीशनाही माहीत नव्हतं. न्यूपोर्टला प्रेत ठेवलेल्या खोलीत मी एकटी गेले. तिथल्या माणसाने चादर बाजूला केली. मी डोळे मिटले होते. उघडले ते खाली पाहण्यासाठी, आणि फक्त बूट पाहिले. तेच बूट, तोच चिखल. मी म्हटलं, हो, हाच. मी तोंड पाहिलं नाही, सुश्रुत. त्या कारखान्यात सगळ्यांना एकाच दुकानातून तसे बूट मिळायचे हे मला नंतर कळलं.

त्यामुळे चाळीस वर्षं माझ्या डोक्यात एक दार अर्धवट उघडं राहिलं आहे. तो शशी नव्हताच, शशी माझ्यावर चिडून कुठेतरी निघून गेला, नाव बदलून राहिला, लग्न केलं, आणि हट्टाने मला कळवत नाही. मी त्याच्यावर रागावतेसुद्धा, की एवढं काय मनाला लावून घ्यायचं. रागावलेला भाऊ मला चालतो. तुझा चेंडू आला तेव्हा मला भीती वाटली नव्हती, आनंद झाला होता. आता सही खोटी ठरली, पण त्याने तो गेला असंही ठरत नाही. मला नक्की कळायला हवं.

खरं काय ते लिही.

अरुणाकाकू


स्टॅनमोर
७ मे २००६

अरुणाकाकू,

तुमचं पत्र मी चैत्रालीला वाचून दाखवायला घेतलं आणि मला पुरं वाचता आलं नाही. तिनेच वाचलं. मग म्हणाली, आता काही राखून ठेवलंस तर मला तोंड दाखवू नकोस.

ग्लिन प्रिचर्ड जिवंत आहे. बहात्तर वर्षांचा, गोदीतला जुना कामगार, नदीजवळच्या एका लहानशा घरात एकटा राहतो. मी त्याच्या स्वयंपाकघरात तीन तास बसलो होतो. सही त्याने केली आहे. मोसम संपला की क्लबचा एक चेंडू लॉटरीत लावायचे, त्यावर सगळ्या गड्यांच्या सह्या लागायच्या, आणि जो हजर नसेल त्याची सही सामान सांभाळणाऱ्याने करायची अशी तिथली पद्धत. शशीकाकांची मराठी सही सगळ्यांना फार आवडायची, दारूच्या गुत्त्यात ती पाहायला लोक यायचे. ते गेल्यावर यादीतून त्यांचं नाव काढायचं कोणाच्या हातून होईना. म्हणून ग्लिनने जुन्या चेंडूवरून नक्कल करून तीन वर्षं सही घातली, आणि फोटोत जागा सोडली. त्याला वाटायचं, वरची रेघ म्हणजे छप्पर आहे, आधी छप्पर घालावं. हे त्याने मला कागदावर करून दाखवलं.

आता माझं. सामान सांभाळणारा दुसऱ्यांच्या सह्या करतो हे आमच्या जगात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अमेरिकेत मी अशा दोन चेंडूंवर फसलोही आहे. तुमचं पहिलं पत्र आलं, शशीकाका सहासष्टमध्ये गेले असं वाचलं, त्याच क्षणी मला शंका आली होती. पण ती मी लिहिली नाही. खोटी सही निघाली तर चेंडू मातीमोल, आणि बहिणीचं पत्र मिळालं तर तो माझ्या संग्रहातला सगळ्यात मोठा. म्हणून मी तुम्हाला ‘माणूस सही करतो म्हणजे तो असतो’ असं लिहिलं. ते वाक्य मला आता सहन होत नाही. तुम्ही बसस्टॉपवर माणसं पाहायला लागलात तेव्हा मी घाबरलो, आणि ग्लिनला भेटून आल्यावर वाटलं की विचारायला कोणी उरलं नाही म्हटलं तर निदान तुमची आशा तरी राहील. ती आशाही मीच खोट्यावर उभी केली होती.

एक राहिलं. निघताना ग्लिनने विचारलं की शशीची बहीण आहे का अजून. मी हो म्हटलं. तो म्हणाला, “तिला सांग, त्या सकाळी धक्क्यावर मी होतो.” पुढे काही सांगेना. म्हणाला, बाकीचं तिने विचारलं तरच.

त्याचा पत्ता खाली लिहिला आहे. म्हणाल त्या दिवशी मी गाडी घेऊन ब्रिस्टलला येतो. येऊ नको म्हणालात तरी समजेन.

सुश्रुत


ब्रिस्टल
३० मे २००६

चि. सुश्रुत,

तुला बोलावलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रागावले होते, आठ दिवस तुझं नाव काढलं नाही. मग विचार केला की तू लोभाने खोटं बोललास आणि मी चाळीस वर्षं नुसत्या भीतीने, तेव्हा मी तुझ्यावर किती रागवायचं. पण हे काम मला एकटीने करायचं होतं. मागच्या वेळी एकटीनेच बिघडवलं होतं.

शनिवारी सकाळी लांब पल्ल्याची बस धरली. पूल लागल्यावर मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले. शेजारच्या बाईंनी मला पेपरमिंट दिलं, त्यांना वाटलं गाडी लागते. खाली भरतीचं मातकट पाणी होतं. पूल पाच मिनिटांत संपला. पाच मिनिटांचं काम मी एवढी वर्षं टाळत होते.

ग्लिन दारातच उभा होता. मला पाहून म्हणाला, की तो तुमच्यासारखाच दिसायचा. त्याने चहा केला, फार कडक. मी कप हातात धरला आणि पहिल्यांदा तेच विचारलं, ज्यासाठी गेले होते. विचारलं, तुम्ही त्याचं तोंड पाहिलं होतं का?

तो म्हणाला, “मीच त्याला वर काढलं, बाई. डोळेही मीच मिटले.”

सगळं सांगितलं त्याने. बुधवारी संध्याकाळी सराव झाला. दोघं धक्क्याने गप्पा मारत परत आले, ग्लिन आपल्या घराकडे वळला. पाऊस पडून गेला होता आणि कडेचे दगड शेवाळलेले होते. सकाळी ओहोटीला कामावर आलेल्या माणसांना शशी चिखलात दिसला, तेव्हा ग्लिन कमरेला दोर बांधून खाली उतरला. चिखल पुसला तेव्हा त्याला डाव्या भुवईतली खोक दिसली, असं तो म्हणाला. मी त्या खोकेबद्दल एक शब्द बोलले नव्हते. पेणला चिंचेखालच्या झोपाळ्यावरून तो पाच वर्षांचा असताना पडला होता, आणि झोका मी दिला होता. ती खोक माझ्याशिवाय आता कोणाला माहीत नाही. तेव्हा तो शशीच होता. यात आता काही शंका उरली नाही.

मला वाटलं होतं हे कळल्यावर मी कोसळेन. तसं काही झालं नाही. कप नीट खाली ठेवला. मग मनात होतं ते दुसरं विचारलं, जे मी तुलाही लिहिलं नव्हतं, स्वतःशीही नीट म्हटलं नव्हतं. विचारलं, तो घसरला हे नक्की का? की रविवारचं काही मनात घेऊन त्याने. एवढंच बोलले. पण ग्लिनला कळलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काहीतरी अगदीच वेड्यासारखं बोलले आहे.

तो म्हणाला, रविवारी परत आल्यावर शशी क्लबमध्ये सगळ्यांना हसत सांगत होता, की मी माझ्या ताईकडे चिखलाचे बूट घालून गेलो आणि तिने मला हाकललं, बरोबरच केलं, घरात मोठी माणसं यायची होती. बुधवारी धक्क्यावरून येताना दोघं तेच बोलत होते. पुढच्या रविवारी ताईने बोलावलंय आणि या वेळी नीट कपडे करून जायचं, तर माझ्याकडे टाय नाही, तुझा देशील का, असं शशीने त्याला विचारलं. ग्लिनकडे एकच टाय होता, लग्नातला. तो त्याने गुरुवारी कामावर येताना खिशात घालून आणला होता. खाली चिखलात उतरला तेव्हाही तो त्याच्या खिशातच होता.

चाळीस वर्षं मी त्याला रुसवून ठेवलं, सुश्रुत. जिवंत असला तर रुसलेला, आणि मेला असला तरी रुसून मेलेला. दुसरा कुठला शशी मला माहीतच नव्हता. त्याने तर माझ्या बोलण्याचं काही मनावर घेतलंच नव्हतं. तो पुढच्या रविवारी यायला निघाला होता.

अरुणाकाकू